डायमंड हिल, कॉनेमारा : चढाईआधी हमखास विचारले जाणारे प्रश्न

मी गॉलवेत राहते. भारतातून कुणी आलं, किंवा डब्लिनहून कुणी मित्रमंडळी शनिवार-रविवार धरून आली, की "एखादा डोंगर करू या" हे ठरलेलं. मी बहुतेकांना डायमंड हिलवरच नेते. दर वेळी तेच प्रश्न येतात, म्हणून त्यांची उत्तरं एकदा नीट लिहून ठेवते आहे.

हा डोंगर नक्की कुठे आहे?

आयर्लंडच्या पश्चिम टोकाला, गॉलवे परगण्यातल्या कॉनेमारा भागात, लेटरफ्रॅक नावाच्या छोट्या गावाला लागून. डोंगर कॉनेमारा राष्ट्रीय उद्यानात येतो. उद्यान १९८० साली झालं आणि त्याचा पसारा साधारण २००० हेक्टरांचा आहे. ट्वेल्व बेन्स या डोंगररांगेच्या वायव्य कडेला डायमंड हिल एकटाच जरा पुढे येऊन उभा आहे, समुद्राकडे तोंड करून. गावातले लोक रांगेला ट्वेल्व पिन्सही म्हणतात. आयरिशमध्ये तिचं नाव ना बेन्ना बेओला, म्हणजे बेओला नावाच्या दंतकथेतल्या सरदाराची शिखरं.

उंची फक्त ४४२ मीटर? मग एवढी तयारी कशाला?

हा प्रश्न सगळ्यात जास्त विचारला जातो आणि मला तो सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. कळसूबाई १६४६ मीटर, सिंहगड १३१२ मीटर, त्यापुढे ४४२ म्हणजे आपल्याला टेकडीच वाटते. पण आपले गड मुळात दख्खनच्या पठारावर उभे आहेत. सिंहगडाच्या पायथ्याशी पोचतो तेव्हाच निम्म्याच्या आसपास उंची गाडीने गाठलेली असते. लेटरफ्रॅक समुद्रकाठी आहे. इथे जवळजवळ प्रत्येक मीटर स्वतःच्या पायांनी चढावा लागतो.

तरीही खरी गोष्ट उंचीची नाहीच. हा डोंगर उघडा आहे. पश्चिमेला अटलांटिक महासागर, मध्ये आडोसा म्हणून काही नाही. सह्याद्रीत अर्ध्या वाटेवर करवंदीची जाळी, एखादं आंब्याचं झाड, गडावर देवळाची ओसरी असं काहीतरी सापडतं. इथे पायथ्याची झाडी मागे पडली की माथ्यापर्यंत एक झाड नाही. वारा सुटला की तो आणि तुम्ही, इतकंच. पायथ्याला १२ अंश असेल तर माथ्यावर त्याहून साधारण तीन अंश कमी, आणि अंगावरचे कपडे ओले असतील तर त्या वाऱ्यात बोटं सॅकची चेन उघडेनाशी होतात.

जायचं कसं?

गॉलवे शहरापासून एन ५९ हा रस्ता धरायचा. उक्टरार्ड, माम क्रॉस, क्लिफडेन आणि मग लेटरफ्रॅक. अंतर ९० किलोमीटरांच्या आसपास, पण पावणेदोन तास धरा. रस्ता दलदलीवरून जातो, त्यामुळे लाटांसारखा वरखाली आहे, आणि वळणावर मेंढ्या निवांत बसलेल्या असतात. गॉलवेहून क्लिफडेनला बस जाते, काही बस पुढे लेटरफ्रॅकपर्यंत येतात. परतीची शेवटची बस कधी आहे हे निघण्यापूर्वीच बघा. ती चुकली तर रिक्षा करून घरी जाऊ असा प्रकार इथे नाही.

डब्लिनहून एका दिवसात जाऊन येणारे लोक आहेत. मी तसं सुचवत नाही. गाडीतच आठ तास जातात आणि मग डोंगरावर घाई होते.

उद्यानात जायला तिकीट नाही, गाडी लावायलाही पैसे नाहीत. उन्हाळ्यातल्या शनिवारी-रविवारी मात्र दहा-साडेदहाच्या पुढे जागा मिळणं अवघड जातं.

वाटा किती आणि कोणती निवडावी?

माहिती केंद्रापासून वाटा सुटतात आणि त्या रंगीत खुणांनी दाखवलेल्या आहेत. एलिस वूडची अर्ध्या किलोमीटरची वाट झाडीतून जाते. दीड किलोमीटरची स्रुफॉनबॉय वाट लहान मुलांसाठी चांगली. मग लोअर डायमंड हिलची तीन किलोमीटरची फेरी, आणि तिच्यातूनच वर फुटणारी अप्पर डायमंड हिलची ३.७ किलोमीटरची वाट, जी माथ्यावर जाते. दोन्ही मिळून सात किलोमीटरांच्या आत. अडीच ते तीन तास लागतात. फोटो काढणारी मंडळी बरोबर असतील तर चार.

लोअर फेरी आधी करायची आणि फाट्यावर उभं राहून वर बघायचं. शिखर ढगात असेल, वारा ढकलत असेल, तर तिथूनच वळायचं. मी तीन वेळा त्या फाट्यावरून परत आले आहे. एकदा नोव्हेंबरात दुपारी दोनला निघून, साध्या स्पोर्ट शूजमध्ये, त्याच्याही वर गेले होते. वरच्या धारेवर ढग उतरला तेव्हा पुढचा दगड दिसत होता, त्यापुढचा नाही. बरोबर माझा मावसभाऊ होता, त्याला थंडीने बोलता येईना. आम्ही वळलो आणि खाली पोचलो तेव्हा पूर्ण अंधार होता. त्या दिवशी काही झालं नाही ते नशिबाने. तेव्हापासून मी फाट्यावरचा निर्णय कुणाच्याही आग्रहासाठी बदलत नाही.

शेवटचा चढ अवघड आहे का?

दमवणारा आहे. हात टेकून चढायचं कातळारोहण नाही, पण दगडी पायऱ्या उंच आहेत, एकीसारखी दुसरी नाही, आणि सलग येतात. माथा म्हणजे एक टोक नसून साधारण अर्धा किलोमीटर लांबीची अरुंद धार आहे. पहिल्यांदा वर पोचलेल्यांना वाटतं आलं शिखर, आणि मग पुढे अजून एक उंचवटा दिसतो. सगळ्यात उंच जागी दगडांची रास रचलेली आहे.

दगडाबद्दल थोडं सांगते, कारण पायाला फरक लगेच कळतो. सह्याद्रीचा काळा बेसाल्ट हा लाव्हाचा, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. डायमंड हिलचा पांढुरका-राखाडी दगड क्वार्टझाइट आहे. मुळात ही समुद्रतळाची वाळू. साठ कोटी वर्षांहून जुनी. ती जमिनीत खोल गाडली गेली, दाब आणि उष्णतेने तिचे कण एकमेकांत वितळल्यासारखे जुळले. म्हणून तो इतका कठीण आहे की आजूबाजूचा मऊ दगड झिजून गेला आणि ही शिखरं उरली. हिमयुगात हिमनद्यांनी त्यांना आणखी खरवडलं. पाऊस पडून गेल्यावर ऊन आलं की दगडातले पांढरे पट्टे चमकतात. डायमंड हे नाव त्यावरूनच पडलं असं लोक सांगतात. आयरिश नाव वेगळं आहे, बिन घुआरे, म्हणजे घुआरेचं शिखर. ओला क्वार्टझाइट मात्र गुळगुळीत फरशीसारखा घसरतो. आपल्याकडे बेसाल्टवर बूट धरून राहतो त्या भरवशावर इथे पाऊल टाकू नका, उतरताना तर नाहीच.

कोणत्या महिन्यात यावं?

मे, जून आणि सप्टेंबर. जूनमध्ये दहा वाजेपर्यंत उजेड असतो, म्हणजे दुपारी चारला निघूनही माथा आरामात होतो. डिसेंबरात साडेचारच्या आतच सूर्य मावळलेला असतो आणि सकाळी नऊपर्यंत नीट उजाडत नाही. ऑगस्टमध्ये उतारावर हेदर फुलतं आणि डोंगर जांभळा होतो, त्यासाठी गर्दी सोसायची तयारी असेल तर तोही महिना सुंदर.

पाऊस लागेलच का?

लागेल असं धरूनच या. आयर्लंडच्या पश्चिमेकडच्या काही भागांत वर्षातले सुमारे २२५ दिवस पावसाचे असतात. आंबोलीत चार महिन्यांत पडतो तेवढा पाऊस इथे वर्षभरातही पडत नाही, पण आपला पाऊस ऋतू धरून येतो आणि जातो. इथला पाऊस दार वाजवत नाही. ऊन, भुरभुर, गारा, परत ऊन, हे एका तासात होतं. मेट एरन या इथल्या हवामान खात्याचा अंदाज आदल्या रात्री आणि निघताना असा दोनदा बघा. पावसापेक्षा वाऱ्याचा आकडा महत्त्वाचा. यलो, ऑरेंज किंवा रेड इशारा असेल तर डोंगर दुसऱ्या दिवशीही तिथेच असणार आहे.

कपडे आणि सामान काय घ्यायचं?

छत्री गाडीतच ठेवा. पॉन्चोही नको, तो वाऱ्यात शिडासारखा फुगतो आणि अरुंद धारेवर माणसाला हलवतो. टोपी असलेलं वॉटरप्रूफ जॅकेट, जमल्यास तशीच पँट. जीन्स अजिबात नको. भिजली की जड होते आणि दिवसभर वाळत नाही. आत सुती बनियनऐवजी लवकर वाळणारा कपडा, वर एक लोकरीचं किंवा फ्लीसचं. कानटोपी आणि हातमोजे जूनमध्येसुद्धा. बुटांचे तळवे खाचांचे हवेत. सॅकमध्ये प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेले कोरडे मोजे ठेवा. उतरल्यावर गाडीत बसून ते घालताना जे बरं वाटतं, ते त्या दिवशीच कळेल.

खायला मी दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी नेते, शिवाय थर्मासभर चहा. माथ्यावर वाऱ्याच्या उलट्या बाजूला दगडांच्या आड बसायला जागा मिळते. पाणी खालूनच भरून घ्या, वाटेवर कुठेही मिळत नाही. केळ्याची, संत्र्याची सालं "कुजतील" म्हणून टाकू नका. इथल्या थंडीत आणि आम्लयुक्त मातीत ती महिनोन् महिने तशीच पडून राहतात.

वाट सोडून चाललं तर काय होतं? वाटेवर फार गर्दी असते.

या प्रश्नावर मी जरा जास्त बोलते, सवय आहे.

डोंगराच्या खालच्या अंगावर जे तपकिरी-हिरवं गवताळ माळरान दिसतं ती साधी जमीन नाही. तिला बॉग म्हणतात, आणि इथल्या प्रकाराला ब्लँकेट बॉग. डोंगरउतारावर गोधडी पांघरावी तशी ती पसरलेली असते म्हणून. सततच्या पावसाने जमीन पाणथळ राहते, पाण्यात हवा नाही, म्हणून मेलेलं शेवाळ आणि गवत पूर्ण कुजत नाही. ते थरावर थर साचत जातं. वेग साधारण वर्षाला एक मिलिमीटर. म्हणजे तुमच्या गुडघ्याइतक्या खोल थराला पाचशे वर्षं लागलेली असतात, आणि काही ठिकाणी थर माणसापेक्षा खोल आहेत. हाच थर कापून, वाळवून लोक पिढ्यान् पिढ्या चुलीत जाळत आले. त्याला इथे टर्फ म्हणतात. संध्याकाळी लेटरफ्रॅकमध्ये एखाद्या धुराड्यातून त्याचा मातकट गोडसर वास येतो.

गुडघे टेकून बघा. लालसर आणि पोपटी शेवाळाच्या गादीत कोऱ्या चहाच्या रंगाचं पाणी साचलेलं असतं, आणि त्याच्या कडेला नाण्याएवढी एक लाल वनस्पती, पानांवर केस, प्रत्येक केसाच्या टोकाला चिकट थेंब. ती दवबिंदू. किडे पकडून खाते, कारण या मातीत पोषण जवळजवळ नाही. कासच्या पठारावर गेलेल्यांना ही ओळखीची वाटेल. तिकडेही पातळ, निकस मातीत दवबिंदू आणि सीतेची आसवं याच कारणाने किडे खाऊन जगतात. मी पहिल्यांदा इथे ती बघितली तेव्हा घरचं माणूस भेटल्यासारखं झालं होतं.

आणि कासवर जे झालं तेच इथेही होत होतं. माणसं चिखल टाळायला वाटेच्या कडेने चालली, कड मेली, वाट रुंद झाली, पुढची माणसं आणखी कडेने चालली. पाऊस त्या उघड्या थराला धुऊन नेतो आणि तो परत भरून यायला शतकं लागतात. डोंगर काही काळ बंद ठेवून, वाट नव्याने बांधून काढावी लागली. खाली दलदलीवर लाकडी फळ्यांचा मार्ग आहे, फळ्यांवर पाय घसरू नये म्हणून तारेची जाळी ठोकलेली आहे. वर दगड बसवलेले आहेत. तेव्हा समोरून कुणी आलं तर थांबा, फळीवरच अंग चोरून उभे राहा, "हाय" म्हणा आणि त्यांना जाऊ द्या. चिखल असला तरी चिखलातून चाला.

माथ्यावरून काय दिसतं?

पश्चिमेला बॅलिनाकिलचं बंदर, टली डोंगर आणि पलीकडे समुद्रात इनिशबॉफिन, इनिशटर्क ही बेटं. उत्तरेला म्वीलरे, ८१४ मीटर, कॉनॉट प्रांतातलं सगळ्यात उंच शिखर. पूर्वेला आणि दक्षिणेला ट्वेल्व बेन्सची उघडी राखाडी शिखरं, त्यांतलं बेनबॉन ७२९ मीटरांचं. आणि मधल्या ग्लॅनमोर दरीतून पॉलाडर्क नदी. ईशान्येला खाली एक तळं आणि काठावर किल्ल्यासारखी इमारत दिसते ती कायलमोर ॲबी, म्हणजे मठ. मिचेल हेन्री या श्रीमंत इंग्रजाने १८६० च्या दशकाच्या अखेरीस ती राहण्यासाठी बांधायला घेतली. १९२० मध्ये बेल्जियममधून पहिल्या महायुद्धामुळे बाहेर पडलेल्या बेनेडिक्टाइन जोगिणी तिथे आल्या.

ढग असला तर यातलं काहीही दिसत नाही. पण लगेच उठू नका. दगडाआड दहा मिनिटं थांबा. कधीकधी ढगाला मध्येच भोक पडतं आणि त्यातून फक्त तळं आणि ती इमारत दिसते, बाकी सगळं पांढरं. मी ते दोनदा पाहिलं आहे.

साप, जळवा, किडे?

आयर्लंडमध्ये साप नाहीत. जळवांची भीती नाही. पण मे ते सप्टेंबर, वारा पडलेल्या दमट संध्याकाळी मिज नावाची चिलटं ढगासारखी येतात आणि केसांच्या मुळाशी चावतात. वारा असला की गायब. गोचीड मात्र गंभीरपणे घ्या, त्यातून लाइम नावाचा आजार होऊ शकतो. लांब पँट घाला आणि घरी गेल्यावर गुडघ्यामागे, कमरेला नीट तपासा.

आईबाबा साठीच्या पुढचे आहेत. त्यांना नेता येईल?

लोअर फेरी, हो. रोज पर्वती चढणारे किंवा टेकडीवर जाणारे असतील तर सहज. माझी आई ६८ वर्षांची असताना ती फेरी करून आली, आणि आम्ही वर गेलो तेवढा वेळ खाली केंद्राच्या उपाहारगृहात चहा आणि स्कोन घेऊन बसली. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांना अप्पर वाटेवर नेऊ नका. चढताना काही वाटत नाही, पण त्या उंच पायऱ्या उतरताना गुडघ्यांची खरी परीक्षा होते. बाबागाडी अप्पर वाटेवर चालणार नाही. सात-आठ वर्षांच्या पुढची मुलं उत्साहाने माथा करतात, फक्त धारेवर हात धरा.

कुणाला लागलं किंवा वाट चुकली तर?

९९९ किंवा ११२ लावा आणि माउंटन रेस्क्यू मागा. येणारे लोक स्वयंसेवक असतात, आपापली कामं सोडून येतात, आणि पैसे घेत नाहीत. मोबाइलची रेंज धारेवर बऱ्याचदा मिळते, दरीच्या बाजूला जाते. निघताना घरी कुणाला तरी परतीची वेळ सांगून ठेवा आणि उतरल्यावर फोन करायला विसरू नका.

उद्यानाजवळ एक छोटी दफनभूमी आहे, ती कुणाची?

लेटरफ्रॅकमध्ये १८८७ ते १९७४ मुलांसाठी एक औद्योगिक शाळा होती. नाव शाळेचं, पण गरिबीमुळे किंवा क्षुल्लक गुन्ह्यांसाठी न्यायालयाने पाठवलेली मुलं तिथे कोंडली जात. त्यांच्यावर झालेल्या मारहाणीची आणि अत्याचारांची नोंद २००९ च्या सरकारी चौकशी अहवालात आहे. उद्यानाची काही जमीन पूर्वी त्या संस्थेची होती. तिथे वारलेल्या मुलांची ही दफनभूमी आहे. मुलांची नावं आणि वयं लिहिलेली आहेत. डोंगरावरून उतरल्यावर जाऊन या. मोठ्याने बोलू नका, फोटो काढू नका.

डायमंड हिल झाला. आता ट्वेल्व बेन्स करू का?

एकट्याने नको. तिथे फळ्या नाहीत, खुणा नाहीत, बहुतेक ठिकाणी वाटच नाही. नकाशा आणि होकायंत्र ढगात वाचता येणारं माणूस बरोबर हवं. त्याआधी मेयो परगण्यातला क्रोक पॅट्रिक करा, ७६४ मीटर. वेस्टपोर्टजवळ आहे, लेटरफ्रॅकहून गाडीने तासाभराच्या आसपास. वरचा सुळका उभा आहे आणि घसाऱ्याचा आहे. जुलैच्या शेवटच्या रविवारी हजारो भाविक तो चढतात, काही अनवाणी. वारी पाहिलेल्या माणसाला ते ओळखीचं वाटेल. नुसतं डोंगर चढायला जाणार असाल तर तो रविवार सोडून दुसरा दिवस धरा.